न मोजलेला डबा

एलिया गुरुजींनी डोळे मिटले, डब्यात हात घातला आणि लागोपाठ पाचव्या सकाळी मेलेल्या माणसाचं बुच बाहेर काढलं.

सोड्याच्या बाटलीचं साधं पत्र्याचं बुच. आतल्या अंगाला लाल ऑइलपेंटनं ‘बि’ काढलेला. बि म्हणजे बिभीषण. बिभीषणला जाऊन सहा महिने झाले होते, पण हे बुचाला कोण सांगणार?

“चला,” पुष्पावती म्हणाली. आवाज असा, की जणू फाट्यावर एसटी आली.

पुष्पावती बिभीषणची बायको. तिनं काष्टा घातला, डोक्यावरचा पदर आवळला आणि टोळीतलं एकुलतं एक पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं. एरवी त्यात मेथी धुतली जायची, तिचं एक पान अजून आत चिकटलेलं होतं. मग सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन ती विहिरीवरच्या यारीच्या बादलीत उभी राहिली. ज्या बादलीतनं दिवसभर दगड वर येतात, त्याच बादलीतनं सकाळी माणूस खाली जातो.

यारीच्या ब्रेकवर कल्याणचा हात होता. कल्याण तिचा मधला दीर. सत्तेचाळीस वर्षांचा गडी, तीन तालुक्यांत नावाजलेला नकल्या. केडगावच्या नाक्यावर ह्यानं एका हवालदाराला मोठ्या साहेबाच्या आवाजात फोनवर असं झापलं होतं, की तो अर्धा तास उन्हात सावधानमध्ये उभा. काष्टीच्या बाजारात एका पाव्हण्याला त्याचीच शेळी परत विकत घ्यायला लावली होती. असा माणूस. आणि आता तो ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी आवळून उभा होता.

“हळू सोडा, दादा,” ती म्हणाली.

“हळूच सोडतोय गं.”

तार करकरली. पिवळं हेल्मेट खाली खाली जात चाळीस फुटांवर हळकुंडाएवढं झालं. मग सब्बलीचा आवाज सुरू झाला. ठण. ठण. मधेच दगड सुटायचा, धप्पकन पडायचा, आणि पुढचा ठण येईपर्यंत कल्याण श्वास घ्यायचा नाही.

विहीर पाडायचं काम सांगायला सोपं आहे. दुपारी ब्लास्टिंगचा ट्रॅक्टर येतो, भोकं मारतो, बार उडवतो आणि निघून जातो. रात्रभर धुरळा बसतो. सकाळी एकानं आधी उतरायचं आणि भिंतीला अडकून राहिलेले सुटे दगड सब्बलीनं पाडायचे. ते झालं की बाकीच्यांनी उतरून दगड भरायचे. भरायचं काम कंबर मोडतं. पहिलं काम जीव घेतं. लटकलेल्या दगडाला कसलीही घाई नसते.

पहिलं कोणी उतरायचं, ह्यावर भावाभावांत कुऱ्हाडी निघतात. म्हणून कल्याणच्या बापानं डबा काढला होता. जुना तुपाचा डबा, तोंडाला फडकं, यारीच्या पायाला तारेनं टांगलेला. आत चार बुचं, चार गड्यांची. थोरला सहादेव, त्याला सगळे आबा म्हणत. मधला कल्याण. धाकटा बिभीषण. आणि कानिफनाथ, म्हणजे ह्यांच्या बहिणीचा नवरा, सगळ्यांचा दाजी. सकाळी विहिरीच्या मालकानं न बघता एक बुच काढायचं. ज्याचं निघालं तो उतरला. धड वर आला की संध्याकाळी आपलं बुच परत डब्यात टाकायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारातलं एक.

आणि एक नेम होता, बापानंच घातलेला. डबा मोजायचा नाही. आत किती बुचं आहेत ते कुणी बघायचं नाही, ओतायचं नाही, बोटानं चाचपायचं नाही. जेवायला बसलेली माणसं आपण मोजत नाही, तसं. मोजली की एक कमी होतो, असं म्हातारा म्हणायचा. म्हातारा स्वतः खाटेवर खोकून खोकून मेला, पण नेम राहिला.

वैशाखात बिभीषण गेला. आदल्या रात्री अवकाळी कोसळला होता. सकाळी बघितलं तर विहिरीच्या पूर्वेच्या भिंतीला भेग, मनगट आत जाईल एवढी. बुच बिभीषणचं निघालं. ब्रेकवर त्या दिवशी पुष्पावती होती. रोज तीच असायची. तिनंच नवऱ्याला खाली सोडला. सातवा का आठवा ठण झाला आणि मग भिंतच खाली आली.

कल्याणला जे माहीत होतं ते दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. त्या सकाळी उजाडायच्या आत, भेग बघून, त्यानं डब्यात हात घातला होता. वरून लिहिलेलं दिसत नाही, पण स्वतःच्या बुचाची कड त्यानं कधीची दातानं दुमडून ठेवली होती. ते बोटाला लागलं, त्यानं काढलं आणि विजारीच्या खिशात टाकलं. एक दिवसापुरतं. आयुष्यात इतक्या चेष्टा केल्या, त्यातलीच एक. दुपारी सगळा गाव विहिरीवर लोटला, रडारड चालली होती, तेव्हा त्यानं ते हळूच परत डब्यात टाकलं.

त्यानंतर त्यानं कुणाची चेष्टा केली नाही. घरात सगळ्यांना वाटलं, भावाच्या दुःखानं गडी बदलला.

दिवाळी झाली आणि एलिया गुरुजींची विहीर धरली. पाथर्डीच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला त्यांचं रान. रिटायर झालेले गणिताचे मास्तर. सदऱ्यावर कायम बंडी, बंडीच्या खिशात खडूचा तुकडा, सवयीनं. वैशाखानंतर टोळीची ही पहिलीच विहीर. आबानं पुष्पावतीला काष्टीला माहेरी धाडायचं ठरवलं होतं आणि बिभीषणचं बुच काढून टाकायचं. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“बुच काढायचं न्हाई, आबा. त्यांची पाळी आली की मी उतरन. बुच हाय तवर ह्या टोळीत मी हाय.”

आबानं मान हलवली. त्याला वाटलं असेल, येईल कधीमधी चारातलं एक.

पहिल्या दिवशी कल्याणचं बुच निघालं. तो उतरला, दगड पाडले, वर आला. लई दिवसांनी त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बिभीषणचं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी बिभीषणचंच.

आज खालून दोन हिसके आले. तारेला दोन झटके म्हणजे ‘ओढा वर’. ही बिभीषणची खूण. बाकीचे सगळे तोंडानं ओरडायचे, तोच एकटा तार ओढायचा, कारण त्याचा आवाज बारीक होता आणि कल्याण त्याची नक्कल करायचा. पुष्पावतीला ती खूण येणारच, ती ब्रेकवर असायची. हे सगळं कल्याणला समजत होतं. तरी ते दोन झटके तारेतून दांड्यात, दांड्यातून तळहातात आले की त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे.

ती वर आली तेव्हा भुवया, ओठ, कान, सगळं राखेच्या रंगाचं. उजव्या गालावर ओरखडा, त्यातून रक्ताची बारीक रेघ.

“काय झालं गं?”

“खपली उडाली. डोळा वाचला.” ती चूळ भरून थुंकली. “पूर्वेच्या अंगाला एक दगड हाय, दादा. म्हशीएवढा. आज न्हाई निघाला. उद्याच्याला निघंल.”

कानिफदाजी लांब उभं राहून विडी ओढत होता. त्याचं लक्ष डब्याकडं होतं. आबा इंजिनात डिझेल ओतत होता, निम्मं डिझेल मातीत.

दिवसभर तिघांनी दगड भरले, एकानं ब्रेक धरला. नऊ वाजता ऊन डोंगरावरून उतरून विहिरीत आलं, अकराला सगळी विहीर भाकरीच्या तव्यासारखी. दगड उचलायचा, मांडीवर घ्यायचा, मांडीवरून बादलीत. मांडीचं कातडं कधीच मेलेलं असतं, तिथं केसही उगवत नाहीत. एरवी ह्या वेळेला कल्याणची बडबड चालायची. इंजिनाचा आवाज काढायचा, आबाच्या घोरण्याचा काढायचा. आता तीन माणसं खाली आणि फक्त दगडावर दगड.

दुपारी भाकरी खाताना दाजी बोलला, कुणाकडं न बघता. “मी म्हन्तो, देवर्शाला इचारावं. मड्याची सावली जवळ फिरती तवा आसंच व्हतं. बोलावतोय तो कुनाला तरी.”

“कुनाला?” पुष्पावतीनं विचारलं.

दाजीचा घास तिथंच राहिला.

“बोला की दाजी. पाच दिस मलाच बोलवाय लागलेत. नवराच हाय माजा, परका थोडाच हाय. भेव कुनाला वाटायला पायजे मग?”

आबा उठला, तांब्या पालथा केला आणि बार भरणाऱ्यांच्या ट्रॅक्टरला हात करायला निघून गेला.

तिसऱ्या प्रहरी बार उडाले. डोंगराला आवाज आदळून परत आला, पाखरं उठली, पांढरा धुरळा वर चढला. आता सकाळपर्यंत कुणाला काम नव्हतं. कल्याण गुरुजींच्या पडवीत गेला. गुरुजी कोंबड्यांना पाखडलेली कणी टाकत होते. त्यांच्या बाई, एस्तेरबाई, कपात चहा घेऊन आल्या, कल्याणच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि कप ठेवून आत गेल्या.

“गुरुजी, येक इचारू? हसू नका.”

“तू विचारतोयस आणि मी हसू नको?” गुरुजींनी चष्मा पुसला. “विचार.”

“पाचदा बिभ्याचं बुच निघालं. आता त्याचा कोटा संपला का न्हाई? उद्याला दुसऱ्या कुनाचं निघायला पायजे का न्हाई?”

“मुळीच नाही.”

“आसं कसं?”

गुरुजींनी खुराड्याकडं बोट केलं. आत चार कोंबड्या. तीन पांढऱ्या, एक काळी. “समज, मी डोळे मिटून एक कोंबडी धरली. काळी निघाली. बघितली, परत आत सोडली, दार लावलं. उद्या सकाळी काळी निघायचा संभव किती?”

“चारातली येक.”

“आणि आज काळी निघाली होती, त्याचं काय?”

कल्याण विचारात पडला. “खुराड्याला काय त्याचं? चारच्या चार हायेतच की.”

“बरोबर. खुराड्याला आठवण नसते. कालचं आजला माहीत नाही. ह्याला आम्ही स्वतंत्र घटना म्हणतो. आता समज, आज पांढरी निघाली आणि हिनं तिचा रस्सा केला. उद्या काळी निघायचा संभव?”

“तिनातली येक.”

“बदलला ना? कारण आजच्या जेवणानं उद्याचं खुराडं वेगळं झालं. ह्याला अवलंबी घटना म्हणायचं. दोन्हींत फरक एवढाच. काढलेलं परत गेलं का नाही, ते बघायचं.” गुरुजींनी खिशातला खडू काढून पडवीच्या फरशीवर लिहिलं, चार गुणिले चार गुणिले चार, असं पाच वेळा, आणि खाली रेघ मारली. “तुमचं बुच रोज परत जातं. म्हणजे रोज चारातलं एक. मग ठरवून एकाच माणसाचं पाच वेळा लागोपाठ निघायचं म्हणजे एक हजार चोविसात एकदा.”

“म्हंजी हू शकतं.”

“होऊ शकतं.” गुरुजी खडू बोटांत फिरवत राहिले. “पण मी मास्तर आहे, कल्याण. वर्गात पाच पोरांचं एकच उत्तर, एकाच जागी, एकसारखं चुकलं, तर मी त्याला दैव म्हणत नाही. मी बाकं बदलतो.”

कल्याणनं चहाचा कप खाली ठेवला. त्याला खुराडं दिसत होतं. आत किती कोंबड्या आहेत ते गुरुजींना दिसत होतं, म्हणून ते चारातलं एक म्हणत होते. डबा तर सहा महिन्यांत काय, तीस वर्षांत कुणी बघितला नव्हता.

तीन बुचं असली तर? दोन असली तर?

दोन असली तर म्हणजे... तो उठलाच. गुरुजी काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही. रानातून चालताना त्याच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. वैशाखातल्या त्या दिवशी मी माझं काढलं. त्यानं बिभ्याचा धोका चारातल्या एकाचा तिनातला एक झाला. एवढंच माझं पाप, असं तो सहा महिने स्वतःला सांगत आला होता. एवढ्याशा पापावर त्यानं कशीबशी झोप काढली होती. पण जर का त्या दिवशी दुसऱ्याही कुणी हात घातला असेल...

विहिरीच्या काठावर तो थांबला. धुरळा खाली बसत होता. आत काही नव्हतं, तरी ठण ऐकू आला. एकदाच. मग त्यानं स्वतःला सांगितलं, तापलेला दगड निवतो तेव्हा तडकतो. ते खरंही असतं. पण तो तिथं थांबला नाही.

डब्याला त्यानं त्या दिवशी हात लावला नाही. एकट्यानं मोजला असता आणि एकट्यालाच कळलं असतं, तर त्यानं पुन्हा काहीतरी लपवलं असतं. स्वतःला तो चांगला ओळखून होता.

सकाळी थंडी होती. तोंडातून वाफा. म्हशीएवढा दगड कालच्या बारानं आणखी सुटला होता. वरून बघितलं तरी त्याच्या मागचा काळा अंधार दिसत होता. पुष्पावती आधीच काष्टा घालून उभी होती, जणू बुच काढायची नुसती रीत पाळायची आहे.

गुरुजी आले. आबानं डबा तारेवरून सोडवला, दोन हातांत धरला. गुरुजींनी बाही वर केली.

“थांबा,” कल्याण म्हणाला.

त्यानं आबाच्या हातातून डबा हिसकला आणि फडकं ओढून पालथा केला. दोन बुचं मातीत पडली. एक गडगडत दाजीच्या पायाशी गेलं, दाजी साप आल्यासारखा मागं सरला. कल्याणनं डब्याच्या बुडावर थाप मारली. आतून थोडा गंज पडला. बाकी काही नाही.

एक ‘बि’. एक ‘क’.

आबा पांढराफटक. मग त्याच्या कपाळाची शीर फुगली. “लाज न्हाई वाटत? आरं भाऊ गेला तुजा! ह्यात बी चेष्टा? कुटं लपीवली आमची बुचं?”

“मी न्हाई लपीवली.”

“दुसरं कोन करनार आसलं? जल्मभर हेच केलंस तू! काष्टीच्या बाजारात हेच, दाजीच्या लग्नात हेच! काढ भायेर!”

“खरंच की,” दाजी घाईघाईनं म्हणाला. “कल्याणरावच. दुसरं कोन?”

पुष्पावतीनं कल्याणकडं बघितलं.

इथं कल्याण अडकला. आयुष्यभर इतक्या थापा मारल्या, की आज खरं बोलायला त्याच्याकडं साक्षीदार नव्हता. एकच वाट उरली होती. चोर खरं बोलतोय हे लोकांना कधी पटतं? आपली चोरी सांगतो तेव्हा.

“ह्या खेपंला मी न्हाई काढली,” तो म्हणाला. “वैशाखात काढली हुती. भेग बगितली, आन् माजं बुच काढून खिशात घातलं. दुपारी परत टाकलं, बिभ्याला बाजंवर ठेवला तवा. माजं त्या दिशी डब्यात न्हवतं. झालं? आता तुमची कुटं हायती ते तुमी सांगा.”

यारीचं इंजिन अजून चालू केलं नव्हतं. गुरुजींच्या घराकडून कोंबडा आरवला, बेअक्कल, उशिरा.

पहिला दाजी फुटला. त्यानं कमरेची चंची सोडली. सुपारी, चुन्याची डबी, आणि तिच्यामागं एक बुच. ते तळहातावर घेऊन तो पोरासारखा रडायला लागला. “ह्या विहिरीचा खडक वंगाळ हाय, पुष्पा. मला वाटलं मी येकटाच काढतोय. तिघं ऱ्हातील, मला वाटलं. तिघांत कुनाचं बी निघंल. तुजंच निघंल आसं मला... आईची आन.”

“आन वैशाखात?” तिनं विचारलं.

दाजीनं मान खाली घातली. तेवढ्यानंच समजलं.

सगळे आबाकडं वळले. थोरला भाऊ, घरातला कर्ता, माळ घातलेला. तो आधी डब्याकडं, मग डोंगराकडं बघत राहिला. मग बंडीच्या आतल्या खिशातून त्यानं बुच काढलं आणि खाली न बघता मातीत टाकलं.

“पोरीचं लगीन व्हतं, जेष्ठात,” एवढंच म्हणाला.

“कुणी कुणाला सांगितलं होतं?” गुरुजींनी हळूच विचारलं.

“न्हाई. कुनी कुनाला न्हाई,” कल्याण म्हणाला. “आमचं काय गुरुजी, तिघांचं तीन रस्ते. त्याचं मला ठाव न्हाई, माजं त्याला न्हाई.”

“हो. पण भेग तिघांनी एकच पाहिली होती,” गुरुजी म्हणाले, आणि पुढं बोलायचं नाही असं ठरवल्यासारखी त्यांनी बाही खाली ओढली.

पुष्पावती खाली बसली. मातीतली बुचं तिनं एकेक करून उचलली आणि बोटानं पुसली. मग ‘बि’ तेवढं हातात ठेवलं आणि बाकीची तिन्ही बाजूला केली, एकामागं एक, सावकाश, जणू तांदळातले खडे निवडतेय.

“म्हंजी त्या दिशी डब्यात येकच हुतं,” ती म्हणाली.

आबानं पाठ फिरवली.

“आन मी म्हनत बसले, माजं नशीब.”

ती उठली. डोक्यावरचं हेल्मेट काढून गुरुजींच्या हातात दिलं. मग यारीजवळ जाऊन हँडल मारून इंजिन चालू केलं. सहा महिन्यांनी ब्रेकच्या दांड्यावर तिचा हात गेला.

“बसा,” ती म्हणाली.

“कोन?” आबानं विचारलं.

“तिघं.”

ती धाकटी सून, तो थोरला दीर. आजवर त्याच्यासमोर तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आज पदर कमरेला खोचलेला होता आणि आबा मुकाट्यानं बादलीत चढला. मागं दाजी, डोळे पुसत. शेवटी कल्याण, तीन सब्बली घेऊन. तीन मोठी माणसं त्या बादलीत छातीला छाती लावून उभी, एकमेकांच्या तोंडचा वास घेत. दुसऱ्या कुठल्या दिवशी कल्याण ह्यावर काहीतरी बोलला असता आणि विहीर हसली असती.

तार करकरली. काठ वर गेला. वीस फुटांवर, बरोबर मधोमध, बादली थांबली.

लोंबकळत होती. हळूहळू गिरकी घेत होती. पूर्वेची भिंत समोरून गेली, तो दगड समोरून गेला, मागचा काळा अंधारही गेला. दाजीनं कल्याणचा दंड धरला, नखं आत गेली.

“दादा,” वरून आवाज आला. इंजिनाच्या आवाजातून, पण नीट. “तुमचं मला ठाव हुतं.”

कल्याणनं वर बघितलं. आभाळाच्या गोल तुकड्यावर तिचं काळं डोकं दिसत होतं. चेहरा दिसत नव्हता.

“बादलीत बसता बसता त्यांनी सांगितलं मला. म्हनले, कल्यानदादाचा हात डब्यात गेल्ता, मी बगितलं. आज त्याला भेव वाटलंय. जाऊ दे, म्हनले. उद्याच्याला बग मी त्याला कसा पिडतो. लई हसत हुते. हसत हसत खाली गेले.”

बादलीनं आणखी एक गिरकी घेतली.

“तवापास्नं बगत हुते, तुमी कवा बोलताय. म्हनून उतरत हुते रोज. ह्या दोगांचं न्हवतं ठाव.”

उद्या. उद्याच्याला त्याला पिडतो. सहा महिने तो जी चेष्टा मनात लपवत होता, ती त्याच्या भावाला त्याच दिवशी कळली होती, आणि तिची परतफेड करायला भाऊ हसत निघाला होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वर इंजिन धडधडत होतं. तिनं दांडा तसाच सोडून दिला असता तरी कुणी तिला काही विचारलं नसतं. यारीच ती, तार तुटते, ब्रेक निसटतो. बादलीतल्या तिघांनाही हे माहीत होतं. तिलाही माहीत असणार, कारण ती लई वेळ थांबली.

मग ब्रेक सैल झाला. बादली खाली निघाली, एकदम नाही, जशी ती नवऱ्याला सोडायची तशी, हळू, तळ येईपर्यंत हात आवरत. टेकताना आवाजही झाला नाही.

तिघं बाहेर पडले. बुडाला कालच्या बाराचे दगड, त्यांवर बसलेली पांढरी राख, आणि डोक्यावर, पूर्वेच्या अंगाला, तो म्हशीएवढा दगड. तो पाडायचा तर एकानं बरोबर त्याच्या खाली उभं राहून फटीत सब्बल घालायची होती. दोघं मागं, भिंतीला चिकटून. जागाच तेवढी.

डबा वर होता. रिकामा. कुणाचं नाव कोण काढणार?

कल्याण एक पाऊल पुढं झाला. त्याच क्षणी आबाही झाला. आणि दाजीही. कुणी कुणाला बघितलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तीन खांदे एकमेकांवर आपटले, तीन सब्बली एकमेकींत अडकून खणखणल्या आणि तिघं दगडाच्या खाली दाटीवाटीनं उभे राहिले.

“सर मागं,” आबा पुटपुटला.

कुणी सरलं नाही.

कल्याणनं सब्बल सोडवली आणि फटीत घातली. बाजूला आबानं घातली, खालून दाजीनं. आता दगड आलाच, तर निवडत बसायची भानगड नव्हती.

ठण.

वर ब्रेकवर हात ठेवून ती ऐकत होती.

ठण.

तिनं मोजायला सुरुवात केली.